काल असे नव्हते

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत, कुठल्याही रात्री दिसेल असे एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. यातली माणसे मी नमुन्यादाखल उभी केली आहेत. जे घडते ते मात्र रोजचे आहे.

पहिल्या खाटेवर अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आजोबा आहेत. वय ऐंशीच्या घरात. दुपारी थंडी वाजून ताप भरला आणि संध्याकाळपासून ते घरच्यांना ओळखेनासे झाले. आता त्यांनी सलाईनची सुई ओढून काढली आहे, हातावरून रक्त ओघळते आहे आणि ‘भोंगा झाला, सोडा मला’ असे ओरडत ते खाटेवरून उतरू पाहत आहेत. मुलगा, वॉर्डबॉय, सिस्टर, डॉक्टर, सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले आहेत.

समोरच्या खाटेवर बदलापूरच्या आजी आहेत. भिंतीकडे तोंड करून निजल्या आहेत. हाक मारली तर ‘हं’ म्हणतात आणि पुन्हा डोळे मिटतात. सुनेने चमच्याने पाणी दिले, ते गिळायचे विसरून त्या ते तोंडातच धरून राहिल्या. ‘दोन दिवसांपासून जेवण नाही, आई नुसत्या पडून आहेत, थकल्यात खूप,’ असे सून सांगते. त्यांचा काही त्रास नाही. त्या ओरडत नाहीत, कुणाला मारत नाहीत. म्हणून त्यांची पाळी नंतर येते.

या दोघांना एकच आजार झाला आहे. त्याला वैद्यकशास्त्र डेलिरियम म्हणते. आणि दोघांमध्ये अधिक काळजी करावी अशी अवस्था आजींची आहे, कारण त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नाही.

तास सोडलेला नांगर

नांगराने शेतात जी ओळ पडते तिला आपण तास म्हणतो. लॅटिनमध्ये तिला ‘लीरा’ म्हणत. बैल बिचकला, नांगर तास सोडून भलतीकडे गेला, तर ते ‘दे लीरा’. त्यावरून डेलिरियम हा शब्द आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने आजारपणातल्या भ्रमासाठी तो वापरला. त्याच्याही आधी हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी दोन अवस्था वेगवेगळ्या टिपल्या होत्या. तापात खवळून बडबडणारा रुग्ण म्हणजे ‘फ्रेनायटिस’ आणि गुंगीत बुडत जाणारा रुग्ण म्हणजे ‘लेथार्गस’. आयुर्वेदाने वर्णिलेल्या सन्निपातज्वरात प्रलाप हे लक्षण आहे, तशी तंद्राही आहे. जुन्या वैद्यांना दोन्ही रूपे ठाऊक होती.

आपल्या बोलण्यात मात्र त्यातले एकच रूप उरले. ‘वात झालाय’, ‘वायूत बरळतोय’, ‘सन्निपात झाला’ हे सगळे शब्दप्रयोग बडबडणाऱ्या माणसासाठी आहेत. गप्प झालेल्या माणसासाठी आपल्याकडे आजाराचे नावच नाही. वैद्यकीय मराठीत डेलिरियमला ‘मुग्धभ्रांती’ असा शब्द आहे आणि मुग्ध म्हणजे भान हरपलेला हा अर्थ त्यात नेमका बसतो. पण तो शब्द कोशातच राहिला. घरात आपण ‘थकलेत’, ‘वय झालं’, ‘झोप लागलीय, उठवू नका’ असे म्हणतो. ज्या अवस्थेला नाव नाही ती डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही.

मेंदू निकामी होतो म्हणजे काय

हृदय कमी पडले की पायांवर सूज येते, मूत्रपिंड कमी पडले की लघवी घटते. मेंदू कमी पडला की लक्ष सुटते. जॉर्ज एंजेल आणि जॉन रोमानो या अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ साली डेलिरियमचे वर्णन ‘मेंदू अपुरा पडण्याची अवस्था’ असे केले. अशा रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मंदावलेल्या दिसतात, हे त्यांनी दाखवले होते. म्हणजे हा स्वभावाचा दोष नाही, वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही. शरीरात दुसरीकडे काहीतरी बिघडले आहे आणि त्याचा धक्का मेंदूपर्यंत पोहोचला आहे.

हा धक्का म्हाताऱ्या माणसाला जास्त का बसतो? तरुण मेंदूजवळ शिल्लक मोठी असते. १०३ ताप आला तरी कॉलेजातला मुलगा फोनवर बोलत राहतो. वयाबरोबर ही शिल्लक घटत जाते. लक्ष आणि स्मरण यांच्यासाठी लागणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन कमी पडू लागते. जंतुसंसर्गामुळे रक्तात उसळलेली दाहक द्रव्ये मेंदूच्या पेशींना सहज डिवचतात. त्यात स्मृतिभ्रंश असेल तर शिल्लक आधीच खर्ची पडलेली असते. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा घरांत लघवीचा साधा संसर्गही डेलिरियमला पुरेसा ठरतो.

स्मृतिभ्रंश आणि डेलिरियम यांची गल्लत मात्र करू नये. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. डेलिरियम तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे लक्ष बराच काळ जागेवर असते. डेलिरियममध्ये सर्वांत आधी लक्षच जाते. समोरचा प्रश्न संपेपर्यंत तो धरून ठेवता येत नाही. शिवाय डेलिरियम दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी डॉक्टरांचा राउंड असतो तेव्हा बाबा नीट उत्तरे देतात आणि दिवेलागणीनंतर भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून रात्रभर चादर झटकत बसतात. सकाळच्या डॉक्टरांना रात्रीची हकीकत कुणी सांगितली नाही, तर केसपेपरवर ‘पेशंट ठीक’ एवढेच लिहिले जाते.

चारांतले तीन सुटतात

ही गफलत आपल्याकडचीच आहे असे समजू नका. अमेरिकेत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या इमर्जन्सी विभागात ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या ३०३ रुग्णांची पद्धतशीर तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या ३०३ जणांपैकी २५ जणांना डेलिरियम होता. त्यातल्या ७६ टक्के रुग्णांमध्ये तो इमर्जन्सीच्या डॉक्टरांच्या लक्षात आलेला नव्हता. आणि २५ पैकी ९२ टक्के रुग्ण गप्प प्रकारातले होते. आरडाओरडा करणारा रुग्ण ही डेलिरियमची आपल्या मनातली प्रतिमा. प्रत्यक्षात इमर्जन्सीत येणारे बहुतेक वृद्ध आपल्या त्या बदलापूरच्या आजींसारखे पडून असतात.

करोनाच्या साथीने याची किंमत दाखवली. अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध करोना रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २८ टक्के रुग्ण आले तेव्हाच डेलिरियममध्ये होते. या डेलिरियम झालेल्यांपैकी ३७ टक्के जणांना ताप किंवा धाप अशी ओळखीची लक्षणेच नव्हती. दारावरचा थर्मामीटर त्यांना पकडू शकत नव्हता. ‘आजोबा कालपासून वेगळेच वागताहेत’ हे घरच्यांचे वाक्य हाच तिथे तापाचा आकडा होता.

म्हाताऱ्या शरीराची ही रीतच आहे. न्यूमोनिया होतो आणि खोकला नसतो. लघवीत जंतू वाढतात आणि जळजळ होत नाही. हृदयविकाराचा झटका येतो आणि छातीत दुखत नाही. एवढेच होते की माणूस काल होता तसा आज राहत नाही.

कालचा साक्षीदार कुठे आहे?

आता आपल्या गावांकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. आईच्या कडेवर बसून कल्याण कॅम्पात उतरलेली ती मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत. अंबरनाथच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेले कामगार निवृत्त होऊन वीस-वीस वर्षे झाली. मुंबईत घर परवडेना म्हणून बदलापुरात आलेली कुटुंबे आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना गावाहून इथे घेऊन आली. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती चढल्या आहेत. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या मध्यवर्ती रुग्णालयावर या तिन्ही गावांचा आणि आसपासच्या ग्रामीण भागाचाही भार आहे. तिथून पुढे पाठवायचे झाले तर कळवा, ठाणे, नाहीतर मुंबई.

इथे एक गोष्ट या पट्ट्याची स्वतःची आहे. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे, अंबरनाथ ६० किलोमीटरवर. पहाटेची लोकल पकडणारा मुलगा रात्री नऊ-दहाला घरी येतो. सून नोकरी करत असेल तर तीही त्याच गर्दीत असते. म्हाताऱ्या माणसाचा दिवस ज्यांच्या डोळ्यांपुढे जातो ते लोक वेगळे: शेजारच्या वहिनी, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, शाळेतून परतणारी नात, इमारतीचा वॉचमन. दुपारी दोन वाजता आजी पडल्या, कुणीतरी १०८ ला फोन केला, तर रुग्णवाहिकेत सोबत कोण बसते? शेजारी. डॉक्टर विचारतात, ‘कधीपासून अशा आहेत?’ आणि शेजारी प्रामाणिकपणे सांगतो, ‘मला नाही माहीत, मी बाजूचा.’

त्या क्षणी निदानाचा सगळ्यांत मोठा पुरावा लोकलमध्ये घाटकोपरच्या आसपास उभा असतो.

डेलिरियम ओळखण्याच्या मान्य पद्धतींपैकी दोन पाहू. अमेरिकेतल्या डॉ. शॅरन इनौये यांची ‘कॅम’ ही पद्धत १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चार गोष्टी पाहतात: बदल अचानक झाला का आणि कमी-जास्त होतो का, लक्ष लागते का, बोलण्यात संगती आहे का, आणि जागेपण नेहमीसारखे आहे का. पहिल्या दोन्ही गोष्टी असल्या पाहिजेत आणि शेवटच्या दोहोंपैकी एक. दुसरी पद्धत स्कॉटलंडमधल्या एडिंबरा येथे तयार झालेली ‘फोर एटी’. ती दोन मिनिटांत होते, तिला खास प्रशिक्षण लागत नाही आणि ती विनामूल्य आहे. तिच्यात जागेपण, चार साधे प्रश्न, वर्षाचे महिने उलटे म्हणणे आणि अचानक झालेला बदल यांना गुण देतात. चार किंवा अधिक गुण आले तर डेलिरियम असण्याचा संभव धरतात.

यातली मोलाची गोष्ट अशी की ‘अचानक बदल’ या एका मुद्द्याला पूर्ण चार गुण आहेत. रक्ततपासणी नाही, यंत्र नाही. ‘परवापर्यंत त्या स्वतः चहा करून घेत होत्या, काल असे नव्हते’ हे माहीतगार माणसाचे एक वाक्य डॉक्टरांना धोक्याच्या रेषेपलीकडे नेऊन उभे करते. मात्र ते वाक्य कुणीतरी उच्चारायला हवे.

चैत्र, वैशाख आणि सिंधी

परक्या देशात तयार झालेली परीक्षा आपल्या माणसाला तशीच्या तशी लावता येत नाही. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल हे ‘फोर एटी’चे चार प्रश्न. आपल्याकडे अनेक आजींना जन्मतारीख कधीच ठाऊक नव्हती. शाळेच्या किंवा आधारच्या कागदावर कुणीतरी १ जून टाकलेली असते. उत्तर आले नाही म्हणून त्यांना भ्रम झाला असे ठरवणे अन्याय होईल. त्यांना नुकताच कोणता सण होऊन गेला, घरी कोण कोण असते, आत्ता सकाळ की संध्याकाळ, असे विचारले तर खरे कळते. डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत महिने उलटे म्हणता येत नसतील, तर फाल्गुन, माघ, पौष असे म्हणायला सांगावे. शाळेत न गेलेल्या माणसाला शनिवार, शुक्रवार, गुरुवार असे वार उलटे म्हणायला लावावे. लक्ष शाबूत असलेला माणूस अडखळत का होईना, शेवटाला पोहोचतो. डेलिरियममधला माणूस दोन वारांनंतर धागा सोडतो, खिडकीकडे पाहू लागतो किंवा पुन्हा सरळ क्रमाने म्हणायला लागतो.

उल्हासनगरात भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. आयुष्यभर हिंदीत दुकान चालवलेली सिंधी आजी आजारी पडली की अनेकदा बालपणीच्या भाषेत शिरते. मराठीत किंवा हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला ती गप्प राहिली, तर ती गोंधळली आहे की तिला भाषाच सापडत नाही, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आणि ती सिंधीत काही बोलत असेल, तर बडबड आहे की ‘मला लघवीला जायचे आहे’ अशी साधी मागणी आहे, हे तिच्या माणसानेच सांगायला हवे. मला घरी न्या, असे ती म्हणते तेव्हा घर कोणते? कॅम्पातले की सिंधमधले? या प्रश्नाच्या उत्तरात काळ आणि ठिकाण यांचे तिचे भान किती उरले आहे ते कळते. मराठी वॉर्डात सिंधी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारा एक नातेवाईक पाच मिनिटे खाटेशी उभा राहिला तर तपासणी सोपी होते.

कारण शोधायचे कुठे

डेलिरियम हे लक्षण आहे; मूळ दुखणे दुसरीकडे असते. त्यातली काही कारणे तासाभरात जीव घेऊ शकतात, म्हणून ती आधी पाहतात. रक्तातली साखर उतरली आहे का? मधुमेहाची गोळी घेतली आणि उपवास धरला किंवा जेवण गेलेच नाही, तर साखर ७० च्या खाली घसरते आणि माणूस प्रथम चिडतो, मग बरळतो, मग झोपतो. प्राणवायू कमी पडतो आहे का? रक्तदाब पडला आहे का? पक्षाघात आहे का? महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरल्यानंतर डोक्यात हळूहळू रक्त साचते आहे का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही शंका अधिक बळावते.

त्यानंतर संसर्ग: लघवीचा, फुप्फुसाचा, पायावरच्या न भरलेल्या जखमेचा. पावसाळ्यात वालधुनी आणि उल्हास नद्यांचे पाणी वस्तीत शिरते, त्यानंतरच्या दिवसांत येणारे तापही लक्षात घ्यावे लागतात. मग पाणी आणि क्षार. वयाबरोबर तहान मंदावते. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत बसलेल्या आजींना तहान लागल्याचे कळतही नाही. रक्तातले सोडियम साधारण १३५ ते १४५ असायला हवे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि त्यात जुलाब-उलट्या झाल्या तर ते झपाट्याने उतरते.

औषधांचा भाग तर आपल्या हातातलाच आहे. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामाइन, खाजेसाठी घेतलेले फेनिरामाइन, झोपेचे अल्प्राझोलम, नसांच्या दुखण्यासाठी दिलेले ॲमिट्रिप्टिलीन, वेदनाशामक ट्रामाडॉल ही रोजची औषधे म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकू शकतात. एका डॉक्टरांची गोळी, दुसऱ्यांची गोळी आणि मेडिकलवाल्याने वरून दिलेली तिसरी गोळी एकत्र येतात तेव्हा धोका वाढतो. रोज दारू घेणारा माणूस खुब्याचे हाड मोडून दाखल झाला आणि दारू अचानक थांबली, तर दोन ते चार दिवसांनी हातपाय थरथरून त्याला भास होऊ लागतात. याचा उपचार वेगळा असतो. लाजेपोटी दारूची गोष्ट लपवणारे नातेवाईक नकळत आपल्याच माणसाला संकटात टाकतात.

आणि कधी कारण इतके साधे असते की कुणाच्या मनातही येत नाही. लघवी तुंबून पोट फुगलेले असते, चार दिवस शौच झालेले नसते, किंवा दुखते आहे पण सांगता येत नाही. चष्मा घरी राहिला आहे आणि कानातले यंत्र टेबलाच्या खणात आहे, म्हणून समोरचे जग धूसर आणि मुके झाले आहे, असेही घडते.

औषधाआधी माणूस

डॉ. इनौये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठाच्या रुग्णालयात सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर एक प्रयोग केला आणि १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात कुठलेही नवे औषध नव्हते. निम्म्या रुग्णांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्यांची सहा गोष्टींसाठी खास काळजी घेतली गेली: त्यांच्याशी बोलून दिवस-वार-ठिकाण यांचे भान देणे, रात्री शांत झोप मिळू देणे, लवकर उठवून चालवणे, चष्मा देणे, ऐकू येईल अशी सोय करणे आणि पुरेसे पाणी पाजणे. नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला. खास काळजीत ९.९ टक्क्यांना. तिथे यासाठी प्रशिक्षित कर्मचारी आणि स्वयंसेवक उभे करावे लागले.

आपल्याकडे खाटेशेजारी नातेवाईक आधीच बसलेला असतो. सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत आपण त्याला अडचण मानतो, तो स्वतःही औषधे आणायला आणि केसपेपर फिरवायला आपण आहोत असे समजतो. या प्रयोगाच्या उजेडात पाहिले तर तो उपचाराचा सर्वांत मोठा भाग आहे. त्याने करायचे तरी काय? समोर येऊन, डोळ्यांत पाहून, हात धरून सांगायचे, ‘आई, मी संजू. आपण उल्हासनगरला दवाखान्यात आहोत. सकाळचे नऊ वाजलेत. तुला ताप आला होता.’ तासाभराने पुन्हा तेच सांगायचे. चष्मा पुसून लावायचा, कानातले यंत्र घालायचे, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर घोट-घोट पाणी पाजायचे आणि बसते करायचे. दिवसा खिडकीचा उजेड येऊ द्यायचा, रात्री दिवा मंद ठेवून मोबाइल बंद करायचा. भिंतीवर साप दिसतो म्हणाली तर वाद घालायचा नाही, ‘हो’सुद्धा म्हणायचे नाही, ‘मी इथे आहे, तुला काही होऊ देणार नाही,’ एवढे पुरते. पाळीपाळीने बसणारी माणसे ओळखीची आणि मोजकी असावीत. दर तासाला नवा चेहरा आला की गोंधळ वाढतो.

टाळायच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. हात खाटेला बांधल्याने भीती वाढते, माणूस आणखी झगडतो आणि इजा होते. गरज नसताना लघवीची नळी ठेवली की तीच ओढून काढायची धडपड सुरू होते, शिवाय नव्या संसर्गाला वाट मिळते. ‘रात्रभर झोपेल असे इंजेक्शन द्या’ असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये. झोपेची बरीच औषधे डेलिरियम लांबवतात. दारू सुटल्याने झालेला भ्रम हा त्याला मोठा अपवाद. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली तरच डॉक्टर अगदी कमी मात्रेत शांत करणारे औषध देतात, तेही थोड्या काळासाठी.

घरी आल्यावर

मूळ कारण सापडले तर अनेक रुग्ण काही दिवसांत भानावर येतात. काहींना आठवडे, क्वचित महिने लागतात. डिस्चार्ज मिळाला म्हणजे मेंदूही सुटला असे नसते. डेलिरियम होऊन गेलेल्या वृद्धांमध्ये पुढे मृत्यूचा, परावलंबी होण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला असतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी स्मरणाची तपासणी करून घ्यावी आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ‘यांना मागे डेलिरियम झाला होता’ असे आवर्जून सांगावे.

आणखी एक गोष्ट घरात पाळावी. बरे झालेल्या अनेकांना त्या रात्री आठवतात. आपण सुनेला चोर म्हटले, मुलाला लाथ मारली, सगळ्यांसमोर कपडे काढले, हे आठवून ते आतल्या आत झुरतात आणि आपल्याला वेड लागते आहे या भीतीने कुणाजवळ बोलत नाहीत. त्या रात्रीची नक्कल करून हसू नका. ‘ते आजाराने झालं, तुम्ही नव्हता तसे,’ हे एकदा स्पष्ट बोलून टाका. त्यांच्या मनावरचा मोठा दगड त्याने उतरतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात अंबरनाथचे नाव आहे. तिथे शिकणाऱ्या मुला-मुलींनी कॅज्युअल्टीत आलेल्या प्रत्येक वृद्धाची पहिल्या तासात ‘फोर एटी’ ही दोन मिनिटांची परीक्षा मराठीत, हिंदीत किंवा सिंधीत घ्यावी, आणि सोबत आलेल्याला ‘काल कसे होते?’ हे विचारून उत्तर केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहावे. यासाठी नवी इमारत किंवा नवे यंत्र लागत नाही.

तोवर घराघरांत एवढे करून ठेवा. एका जाड कागदावर तुमच्या आई-वडिलांचे आजार, चालू औषधे, त्यांची बोलीभाषा, चष्मा आणि कानाचे यंत्र, आणि दिवसा फोन उचलणाऱ्या दोन माणसांचे नंबर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्याखाली लिहा: स्वतः जेवतात की नाही, स्वतः चालतात की नाही, पेपर वाचतात की नाही, नातवंडांना नावाने हाक मारतात की नाही. शेजाऱ्यांना तो कागद दाखवून ठेवा. म्हातारे माणूस एकाएकी गप्प झाले, झोपाळले किंवा बरळू लागले तर सकाळची वाट पाहू नका. पूर्ण शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर मधुमेही माणसाला साखर द्या; गुंगीत असतील तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा, गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घ्या. तुम्ही गाडीत असाल तर लोकलमधूनच डॉक्टरांशी फोनवर बोला.

कॅज्युअल्टीच्या दारात ‘थकल्यात’ म्हणू नका. ‘डॉक्टर, काल असे नव्हते,’ म्हणा. तुमच्या माणसाच्या वतीने हे वाक्य बोलणारे तिथे दुसरे कुणी नसते.